रोज सारखेच चुकणारे घड्याळ: भर समुद्रात रेखांश कसे काढत

प्रश्न असा आहे: जीपीएस नव्हते तेव्हा भर समुद्रातल्या जहाजाला आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कसे कळायचे? आणि एक चांगले घड्याळ जहाजावर ठेवले की काम भागायचे का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो. नाही भागायचे. घड्याळाने हिशेबाची एक बाजू मिळते, म्हणजे ग्रीनिचसारख्या ठरलेल्या जागेची वेळ. दुसरी बाजू, म्हणजे जहाज आहे तिथली स्थानिक वेळ, रोज आकाशातून काढावी लागे, आणि त्यासाठी भर दुपारची वेळ सर्वांत निरुपयोगी, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. शिवाय घड्याळ बिनचूक असावे अशी अपेक्षाही नव्हती. ते चुकले तरी चालायचे, फक्त रोज सारखेच चुकले पाहिजे. हे एवढे डोक्यात बसले की बाकीचे सगळे ओळीने उलगडत जाते.

मूळ हिशेब सोपा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, ४ मिनिटांना १ अंश आणि ४ सेकंदांना १ कला (अंशाचा साठावा भाग). आपल्या जुन्या मापांत हे आणखी नीट बसते: एक घटका (२४ मिनिटे) म्हणजे ६ अंश, एक पळ (२४ सेकंद) म्हणजे ६ कला. मुंबईचे रेखांश ७२°४९′ पूर्व, नागपूरचे ७९°५′. फरक ६°१६′, म्हणून नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावरच्या रेषेत येतो. दोन जागांच्या स्थानिक वेळांतला फरक कळला की रेखांशांतला फरक कळलाच. पंचांग करणारे ज्याला देशांतर म्हणतात ते हेच. सूर्यसिद्धांतात तर देशांतर काढण्याची रीतही दिली आहे: चंद्रग्रहणाची उज्जैनच्या रेषेसाठी गणिताने आलेली वेळ घ्यायची, आपल्या गावी ते प्रत्यक्ष केव्हा लागले ते पाहायचे आणि दोन्हींतला फरक घटकांत मोजायचा. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी दिसते, म्हणून आकाशच सामाईक घड्याळ होते. तत्त्व निर्दोष आहे. पण ग्रहण वर्षातून एक-दोनदा लागणार, सावलीची कड धूसर असणार आणि जहाजाला उत्तर आज हवे असणार.

अक्षांशाची अशी भानगड नाही. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. अरबी समुद्रातले नाखवे यासाठी ‘कमाल’ वापरत. लाकडाची छोटी फळी, तिच्या मधून ओवलेली गाठींची दोरी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेवर ध्रुव बसतो का ते पाहायचे. प्रत्येक बंदराची गाठ ठरलेली. माप बोटांत सांगत, आणि एक बोट म्हणजे दीड अंशाहून थोडे जास्त. पंधराव्या शतकात ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता, त्यामुळे तो वरच्या बाजूला आहे की खालच्या हे पाहून बेरीज-वजाबाकी करावी लागे. चांगले नाखवे ती करत.

मग रेखांशावाचून या समुद्रात त्यांचे अडले कसे नाही? कारण आपला पश्चिम किनारा जवळजवळ उत्तर-दक्षिण उभा आहे. एडनच्या बाजूने निघालेल्या गलबताने दाभोळच्या अक्षांशावर यायचे आणि ती पातळी न सोडता पूर्वेला चालत राहायचे. किनारा आडवा येणारच, आणि तो हवा तिथेच येणार. फक्त ‘केव्हा’ हे कळणार नाही. त्यासाठी पाण्याचा रंग, शिशाच्या ओळंब्याला लागणारा तळ, पक्षी आणि पाण्यावर दिसणारे साप या खुणा होत्या. सापांची खूण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेतही आहे. अशा समुद्रात रेखांश चुकला तर फार तर एखादा दिवस उशीर होतो किंवा रात्री किनारा अंगावर येतो. दुसरी गोष्ट लहान नाही, पण जागता खलाशी आणि ओळंबा असेल तर टाळता येते.

जिथे किनारा असा भिंतीसारखा आडवा नव्हता तिथे मात्र माणसे मेली. डच जहाजे १६११ पासून केप ऑफ गुड होपच्या खाली उतरून जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर थेट पूर्वेला धावत आणि मग जावाकडे उत्तरेला वळत. वळायचे केव्हा, हा निव्वळ रेखांशाचा प्रश्न. वळण उशिरा घेतले की समोर ऑस्ट्रेलिया. ‘बटाव्हिया’ हे जहाज १६२९ मध्ये तसेच हाउटमन आब्रोल्होसच्या खडकांवर गेले. १७४१ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या अ‍ॅन्सनचे ‘सेंच्युरियन’ हे जहाज केप हॉर्न वळून हुआन फर्नांडेझ बेट शोधत होते. अक्षांश माहीत होता, पण बेट पूर्वेला की पश्चिमेला हे कळेना. आधी पश्चिमेला गेले, मग शंका आली म्हणून उलटे पूर्वेला, तर चिलीचा किनारा दिसला. पुन्हा मागे. या हेलपाट्यात स्कर्व्ही या रोगाने सत्तर-ऐंशी माणसे गेली. १७०७ मध्ये इंग्लंडच्या सिली बेटांजवळ ब्रिटिश ताफ्यातली जहाजे खडकांवर फुटली, त्या दुर्घटनेचे खापर सर्रास रेखांशावर फोडतात. ते अर्धेच खरे आहे, त्या ताफ्यातल्या नोंदवह्यांमध्ये अक्षांशांचाही मेळ बसत नाही. पण त्या धक्क्यानंतर सात वर्षांनी ब्रिटिश संसदेने रेखांशाचा कायदा केला, म्हणून ती गोष्ट चिकटली.

घड्याळ येण्यापूर्वी पूर्व-पश्चिम अंतर अंदाजाने मोजत. लाकडाचा पाव वर्तुळाचा तुकडा, वक्र कडेला शिसे ठोकलेले म्हणजे पाण्यात उभा राहतो. त्याला दोरी, आणि दोरीवर दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. तुकडा मागे पाण्यात टाकायचा आणि २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटायचे. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून सुटल्या तितके सागरी मैल ताशी वेग. ‘नॉट’ हा शब्द इथलाच. दिशा होकायंत्रावरून, वेळ अर्ध्या तासाच्या वाळूघड्याळावरून, आणि चार तासांच्या पाळीत दर अर्ध्या तासाला भोकांच्या फळीवर एक खुंटी.

यात बिघडायचे काय? दोरी भिजून आकसते, गाठी जवळ येतात, वेग जास्त दिसतो. वाळूच्या घड्याळाचे भोक झिजून मोठे होते, मग वेग कमी दिसतो. दमट हवेत वाळू अडखळते. पाळी लवकर संपावी म्हणून सुकाणूवरचा खलाशी घड्याळ थोडे आधीच उलटतो. या सगळ्यावर उपाय आहेत. प्रवाहावर नाही. तुकडा आणि जहाज दोघेही एकाच प्रवाहावर वाहतात, म्हणून ताशी एका मैलाचा प्रवाह या यंत्राला दिसतच नाही. दिवसाला २४ मैल. दहा दिवसांत २४०.

१७१४ च्या कायद्यात बक्षीस होते ते असे: अर्ध्या अंशाच्या आत रेखांश दिला तर २०,००० पौंड, दोन-तृतीयांश अंशाला १५,००० आणि एका अंशाला १०,०००. अर्धा अंश म्हणजे वेळेची दोन मिनिटे. वेस्ट इंडीजचा प्रवास साधारण सहा आठवड्यांचा धरला तर दिवसाला तीन सेकंदांहून कमी चूक. तेव्हाची लंबकाची उत्तम घड्याळे जमिनीवर हे करू शकत होती. जहाजावर लंबक हेलकाव्यांनी वेडावतो. आणि समुद्र शांत असला तरी गुरुत्व सगळीकडे सारखे नाही: रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाचे पॅरिसला जुळवलेले घड्याळ १६७२ मध्ये विषुववृत्ताजवळ कायेनला दिवसाला अडीच मिनिटे मागे पडू लागले होते. थंडी-उष्णतेने धातू लांब-आखूड होतो आणि स्प्रिंगचा जोर बदलतो, तेल घट्ट-पातळ होते.

जॉन हॅरिसन हा यॉर्कशरचा सुतार. त्याची पहिली तीन सागरी घड्याळे मोठी यंत्रे होती, पहिलेच सुमारे ३४ किलोचे. तिसऱ्यावर तो जवळजवळ वीस वर्षे झटला आणि त्यातून पितळ-पोलादाची जोडपट्टी व पिंजऱ्यातले बेअरिंग मिळाले. ही दोन्ही आजही वापरात आहेत. १७५९ मध्ये पुरे झालेले चौथे मात्र तळहातावर मावेल असे, १३ सेंटिमीटर व्यासाचे, दीड किलोहून किंचित हलके. विचारच बदलला होता. मोठे चाक सावकाश हलवण्याऐवजी छोटे चाक सेकंदाला पाच टोले देत वेगाने हलवायचे, म्हणजे जहाजाचा सावकाश हेलकावा त्याला हलवू शकत नाही.

नोव्हेंबर १७६१ मध्ये ते जमैकाला निघाले. ८१ दिवसांनी तपासले तेव्हा ते साडेतीन मिनिटांहून जास्त मागे होते. रेखांशात सुमारे ५५ कला. म्हणजे घड्याळाची तबकडी आहे तशी वाचली असती तर वीस हजारांच्या बक्षिसाची मर्यादा जवळजवळ दुपटीने ओलांडली गेली असती! पण ते रोज २⅔ सेकंद मागे पडते हे निघण्यापूर्वीच मोजलेले होते. ८१ दिवसांचे २१६ सेकंद होतात. ते धरल्यावर उरलेली चूक फक्त ५ सेकंद. बक्षीस देणाऱ्या मंडळाने ते अडवले तेही याच मुद्द्यावर: ही रोजची गती आधी जाहीर करून मान्य करून घेतलेली नव्हती, आणि जमैकाचा रेखांशही पक्का नव्हता. हॅरिसनवर अन्याय झाला असे सगळे म्हणतात. पुढच्या वागणुकीबद्दल ते खरेही आहे. पण गती आधी सांगा, ही मागणी रास्त होती. मागाहून ठरवलेल्या गतीने कोणतेही घड्याळ बरोबर ठरवता येते. १७६४ च्या बार्बाडोस चाचणीत गती आधी लिहून दिली, बेटाचा रेखांश मास्केलीन या खगोलशास्त्रज्ञाने गुरूच्या चंद्रांवरून काढला, आणि ४७ दिवसांत चूक आली ३९ सेकंद, सुमारे १० मैल.

रोजच्या या फरकाला ‘रेट’ म्हणत आणि निघतानाच्या एकूण फरकाला ‘एरर’. क्रोनोमीटरच्या, म्हणजे अशा सागरी घड्याळाच्या, पेटीबरोबर या दोन आकड्यांची वही असे, आणि पेटीइतकीच ती वही जपत.

रेट काढायला रेखांश पक्का माहीत असलेले बंदर लागते. ग्रीनिचला १८३३ पासून रोज दुपारी एक वाजता डोलकाठीवरून मोठा गोळा खाली सोडत. नदीतल्या जहाजांवर मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) दुर्बीण लावून उभा राही आणि गोळा सुटल्याच्या क्षणी घड्याळाची नोंद करी. मुंबई बंदरातल्या जहाजांना वेळ मिळावी हा कुलाब्याच्या वेधशाळेचा मूळ उद्देशांपैकी एक. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ मध्ये उभारली ती यासाठी. एका तुलनेने एरर कळतो, रेट कळत नाही. त्यासाठी आठ-दहा दिवस रोज तुलना करायची, पहिल्या आणि शेवटच्या फरकातले अंतर दिवसांनी भागायचे, आणि मधले आकडे सरळ रेषेत येतात का ते पाहायचे. एक दिवस +२, दुसऱ्या दिवशी −४, तिसऱ्या दिवशी +२ असे नाचणारे घड्याळ सरासरीने शून्य दाखवत असले तरी टाकाऊ. रोज नेमके ६ सेकंद पुढे जाणारे कितीतरी बरे.

जहाजावर ते कसे सांभाळत ते बारकाईने सांगण्यासारखे आहे. पेटी जहाजाच्या मध्यभागी, खाली, जिथे डोलणे सर्वांत कमी. तोफा, लोखंडी सामान आणि चुलीपासून लांब. आत पितळी कड्यांचा झुला, म्हणजे तबकडी नेहमी आडवी. दोन दिवसांचे क्रोनोमीटर सुमारे ५६ तास चाले, तरी किल्ली रोज द्यायची, रोज त्याच वेळी, बहुधा सकाळी आठला. कारण स्प्रिंगचा तोच भाग रोज वापरला गेला तर जोरातला उरलासुरला फरकही रोज सारखाच राहतो. किल्ली साडेसात वेळा फिरते. मोजत फिरवायची, शेवटचे अर्धे वळण हळू, आडकाठी लागेपर्यंत. धसमुसळेपणा केला की साखळी तुटते. किल्ली दिल्यावर तसे कप्तानाला कळवायचे, ही पद्धत पुढे वाफेच्या जहाजांवरही राहिली. काटे कधीही हलवायचे नाहीत. चूक वहीत लिहायची, तबकडीवर दुरुस्त करायची नाही. विसरून बंद पडले तर किल्ली द्यायची, काटे दाखवत असतील ती ग्रीनिच वेळ येईपर्यंत थांबायचे आणि त्या क्षणी पेटीतले घड्याळ हाताने चटकन थोडे वळवायचे, की ते सुरू होते. त्याच गुणामुळे एरवी गोल झटका त्याला घातक: चाक वळणात अडकते किंवा एकाऐवजी दोन दाते सुटतात, आणि सेकंदभर चूक चोरपावलांनी आत येते. दर तीन-चार वर्षांनी तेल बदलायचे. न बदलल्यास रेट हळूहळू सरकतो, आणि सरकणारा रेट कळायला दुसरे घड्याळ हवे.

म्हणून म्हणत, एक न्या किंवा तीन, दोन नेऊ नका. दोघांत मतभेद झाला तर खोटे कोण ते कळत नाही. १८३१ ला निघालेल्या ‘बीगल’ या सर्वेक्षण जहाजावर तर २२ होती. पाच वर्षे पृथ्वीभोवती बंदरामागून बंदराचे रेखांश जोडत जहाज परत आले, तेव्हा सगळ्या फरकांची बेरीज २४ तास यायला हवी होती. आली ३३ सेकंदांनी जास्त.

आता दुसरी बाजू, स्थानिक वेळ. सूर्य मध्यान्ही आला की बारा वाजले, मग तेव्हाच घड्याळ का बघत नाहीत? कारण मध्यान्ही सूर्य जवळजवळ थबकतो. खाली उदाहरण घेणार आहे त्याच जागी, त्याच दिवशी मध्यान्हाआधीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सूर्य दोन कलाही चढत नाही. सेक्स्टंटने (आकाशातले कोन मोजायचे हातातले यंत्र) आणि डोलत्या जहाजावरून ‘आता अगदी वर आला’ हा क्षण एक-दोन मिनिटे इकडे-तिकडे होतोच. उंची मात्र छान मिळते, म्हणून दुपारी अक्षांश काढायचा. वेळ काढायची ती सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला कलता असताना. त्याच दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास तो मिनिटाला १३ कला चढत असतो. अर्ध्या कलेची मोजचूक झाली तरी वेळ दोन-तीन सेकंदच चुकते.

समजा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतरची सकाळ. जहाज एडनहून निघून बारावा दिवस, रत्नागिरीच्या अक्षांशावर, १७° उत्तर. मेट सेक्स्टंट घेऊन वर. त्याच्या मदतनिसाच्या हातात साधे खिशातले घड्याळ. क्रोनोमीटर कधी वर न्यायचे नाही, खिशातले घड्याळ वेधाच्या आधी आणि नंतर त्याच्याशी पडताळायचे. सूर्याची खालची कड क्षितिजाला नुसती टेकते त्या क्षणी मेट ओरडतो, मदतनीस आधी सेकंद, मग मिनिट, मग तास लिहितो. उलट्या क्रमाने लिहिले तर तोवर सेकंद निघून गेलेला असतो. असे तीन ते पाच वेध, त्यांची सरासरी. मग दुरुस्त्या: सेक्स्टंटची स्वतःची शून्य-चूक, डोळा पाण्यापासून ९ मीटर वर असेल तर क्षितिज खाली दिसते म्हणून ५.३ कला वजा. हवेत प्रकाश वाकतो त्या अपवर्तनाच्या १.७ कला वजा. कडेपासून सूर्याच्या मध्यापर्यंतच्या १६ कला अधिक. समजा खरी उंची आली बरोबर ३०°.

पंचांगातून (जहाजाच्या, म्हणजे नॉटिकल अल्मनॅकमधून) सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचे अंतर) १०° दक्षिण, वेलांतर (सूर्याची वेळ आणि घड्याळाची मध्यम वेळ यांतला फरक) १३ मिनिटे ३० सेकंद, सूर्य मागे.

होराकोनाचे (सूर्य मध्यान्हापासून किती अंश दूर त्याचे) सूत्र, यात ज्या म्हणजे साइन आणि कोज्या म्हणजे कोसाइन: उंचीच्या ज्येतून अक्षांश आणि क्रांती यांच्या ज्यांचा गुणाकार वजा करा, आणि अक्षांश व क्रांती यांच्या कोज्यांच्या गुणाकाराने भागा. क्रांती दक्षिण म्हणून तिची ज्या ऋण, वजाबाकीची बेरीज होते.
(०.५००० + ०.०५०८) ÷ ०.९४१८ = ०.५८४८
याचा कोन ५४°१२.६′, वेळेत ३ तास ३६ मिनिटे ५० सेकंद. सूर्य मध्यान्हापासून इतका अलीकडे.
सूर्याची वेळ ८:२३:१०. वेलांतर मिळवून स्थानिक मध्यम वेळ ८:३६:४०.

क्रोनोमीटरवर त्या क्षणी ३:५२:२० होते. एडनला ते १ मिनिट १० सेकंद पुढे होते आणि रोज अडीच सेकंद पुढे जाते. बारा दिवसांचे ३० सेकंद. एकूण १ मिनिट ४० सेकंद वजा, ग्रीनिच वेळ ३:५०:४०.
फरक ४ तास ४६ मिनिटे, म्हणजे ७१°३०′ पूर्व.

रत्नागिरी ७३°१८′ वर आहे. फरक १०८ कला. १७ अंश अक्षांशावर रेखांशाची एक कला ०.९५६ सागरी मैल, म्हणून किनारा १०३ मैलांवर. आता वहीतला आकडा कोणी विसरला असे धरा. तबकडी जशी आहे तशी वाचली तर रेखांश २५ कलांनी पश्चिमेला येतो आणि किनारा १२७ मैलांवर असल्याचे भासते. पुढे जाणारे क्रोनोमीटर पूर्वेला चाललेल्या जहाजाला खोटा दिलासा देते. रात्रभर शिडे भरून ठेवतात आणि पहाटे खडक पुढ्यात. म्हणून किनारा जवळ आला की उत्तरातून मुद्दाम मोठा हात राखून ठेवत.

आणखी एक गोम आहे. सूत्रात अक्षांश आधीच लागतो, आणि तो काल दुपारचा, पुढे अंदाजाने चालवलेला. वरच्या उदाहरणात अक्षांश १० कलांनी चुकला तर रेखांश साडेचार कलांनी चुकतो, कारण सूर्य नेमक्या पूर्वेपासून २३ अंश दक्षिणेला सरकला आहे. सूर्य बरोबर पूर्वेला असता तर अक्षांशाच्या चुकीचा परिणाम शून्य. त्यामुळे दुपारी ताजा अक्षांश मिळाला की सकाळचा हिशेब पुन्हा मांडायचा. हिवाळ्यात आपल्या उत्तर गोलार्धातून सूर्य पूर्वेला दिसतच नाही, तेव्हा जमेल तितका खाली असताना वेध घ्यायचा, पण दहा अंशांच्या खाली नको. तिथे अपवर्तनाचा भरवसा नसतो.

ज्यांच्याकडे क्रोनोमीटर नव्हते (आणि ते महाग असल्याने अठराव्या शतकात बहुतेकांकडे नव्हते) ते चंद्राला घड्याळ करत. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे ३३ कला सरकतो. आपल्याला हे समजायला अवघड नाही, आज चंद्र कोणत्या नक्षत्रात हे पाहायची सवय आहेच. इथे नक्षत्रात शिरला का एवढ्यावर न थांबता अंतर कलेपर्यंत मोजायचे. टोबियास मायर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाच्या कोष्टकांवरून मास्केलीनने १७६७ च्या पहिल्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये चंद्राची सूर्यापासूनची आणि ठराविक नऊ ताऱ्यांपासूनची अंतरे दर तीन तासांना छापली. त्या नऊ ताऱ्यांत रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा आणि श्रवण आहेत. सेक्स्टंट आडवा-तिरपा धरून अंतर मोजायचे, त्याच वेळी दोघांनी चंद्र आणि तारा यांच्या उंची घ्यायच्या. मग ‘अंतर स्वच्छ करणे’: चंद्र जवळ असल्याने लंबनामुळे (पाहणाऱ्याच्या जागेमुळे पडणाऱ्या फरकामुळे) तो अंशभरापर्यंत खाली दिसतो, अपवर्तनाने थोडा वर. हे काढून टाकल्यावर कोष्टकात पाहून ग्रीनिच वेळ. आधी चार तास लागणारे गणित या पुस्तकाने अर्ध्या तासावर आणले.

पण सेक्स्टंटची एक कला चूक म्हणजे वेळेत जवळजवळ दोन मिनिटे, रेखांशात २७ कला. अमावस्येच्या आसपास चंद्रच नाही, ढगांत काहीच नाही. तरीही या पद्धतीला कमी लेखू नये. क्रोनोमीटर मुक्यानेच बिघडते. चंद्र बिघडत नाही. कॅप्टन कुकच्या १७७२ च्या सफरीवर हॅरिसनच्या घड्याळाची केंडॉल या घड्याळजीने केलेली प्रतिकृती होती, तरी चांद्र अंतरे घेत होतेच, एकाने दुसऱ्याचा रेट तपासायला. अल्मनॅकमधून ही कोष्टके निघाली ती १९०६ नंतर. गुरूच्या चंद्रांची ग्रहणे जमिनीवर उत्तम चालतात. डोलत्या जहाजावर मोठी दुर्बीण गुरूवर धरून दाखवायला मात्र कुणालाच जमले नाही.

सगळे नीट करूनही जहाज आपटायचे, कारण नकाशा चुकीचा. बेटाचा रेखांश जुन्या अंदाजाने छापलेला, आणि जहाज स्वतःच्या नव्या बिनचूक रेखांशाने त्यावर चालून जाणार. दुसरा सापळा शून्य रेषेचा: १८८४ मध्ये ग्रीनिच ही शून्य रेषा ठरली, त्याआधी बऱ्याच देशांचे नकाशे आपापल्या रेषेवर. पॅरिस ग्रीनिचच्या पूर्वेला २°२०′. फ्रेंच नकाशावर ग्रीनिचचा रेखांश तसाच टेकवला की विषुववृत्ताजवळ १४० मैलांची गफलत. १९१० पासून आयफेल टॉवरवरून बिनतारी वेळ मिळू लागली, आणि मग रेटची वही महिनोन्‌महिने जपण्याची गरज उरली नाही.

हे घरच्या गच्चीवर करून पाहता येते. सपाट फळी पाणसळीने आडवी करा, तीवर एक मीटरची काठी ओळंब्याने उभी. टोकाला बारीक भोकाची चकती लावा. नुसत्या टोकाची सावली धूसर पडते, कारण सूर्य अर्धा अंश रुंद आहे, भोकातून मात्र उजेडाचा ठिपका पडतो. काठीच्या पायाभोवती वर्तुळ काढा. सकाळी ठिपका आत येताना वर्तुळाला शिवतो ती वेळ आणि दुपारी बाहेर जाताना शिवतो ती वेळ मोबाइलवर पाहून सेकंदासकट लिहा. समजा पुण्यात ११ फेब्रुवारीला १०:४०:१० आणि १४:५७:३० मिळाल्या. मध्य १२:४८:५०. त्या दिवशीचे वेलांतर १४ मिनिटे १४ सेकंद वजा, राहिले १२:३४:३६. म्हणजे प्रमाणवेळेच्या रेषेपासून ३४ मिनिटे ३६ सेकंद पश्चिमेला, ८°३९′. ८२°३०′ मधून वजा: ७३°५१′. दोन वेधांच्या मध्ये सूर्य थोडा उत्तरेला सरकतो, त्यामुळे फेब्रुवारीत मध्य सुमारे सात सेकंद उशिरा येतो. हौस असेल तर तेही काढा. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर उत्तर साडेसात कलांनी चुकेल, म्हणजे पुण्याच्या अक्षांशावर १३ किलोमीटर.